न झिजलेली ओळ

सर, तुमच्या तेराव्याला मी आले नाही. चिखलीहून बस मिळाली नाही, असं काकूंना फोनवर सांगितलं. चिखलीहून देऊळगाव राजाला यायला बस मिळत नाही हे काकूंना पटलं असेल असं वाटत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या फोटोसमोर हात जोडून बसायची माझी तयारी नव्हती. बसले असते तर तोंडातून काय निघालं असतं, याचा मला भरवसा नव्हता.

आता शाळेची जुनी पोरं तुमची स्मरणिका काढताहेत. माझ्याकडं ‘सरांचं संशोधन’ या विषयावर लेख मागितलाय. “मॅडम, तुम्ही सरांच्या सगळ्यात जवळच्या,” असं म्हणाले. जवळची तर होतेच. इतकी वर्षं तुमच्या पाठीला पाठ लावून बसले, याहून जवळ माणूस बसतं कुठं!

तो तुमचाच नियम. बाहेरच्यांना सांगितला की हसतात. ताम्रपट दोघांनी वाचायचा. एकानं पत्रा हातात धरून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याकडं पाठ करून ते लिहायचं. लिहिणाऱ्यानं पत्र्याकडं बघायचं नाही, म्हणजे नाहीच. एकदा मी मान वळवली तर तुम्ही पट्टी आपटली होती. “काऊन वळून राह्यली वं? लिहिणाऱ्याचे डोळे लबाड असतात. त्यायले अक्षर दिसत नाही, अर्थ दिसते. अर्धं अक्षर दिसलं का पुरं करून मोकळे होतात.” मी तेव्हा कॉलेजात होते. मला हे इतकं थोर वाटलं होतं की घरी जाऊन मायला सांगितलं. माय म्हणाली, “मास्तर हुशार हाय तुहा.”

पत्रे तुमच्याच घराण्याचे. तुमच्या आजोबांना दुसरबीडच्या अलीकडं, आपल्या गावात विहीर खणताना सापडलेले. तीन तांब्याचे पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीला राजाची मुद्रा; कडी तेव्हाच कापून पत्रे सुटे केलेले. ते गावी तुमच्या थोरल्या भावाच्या देव्हाऱ्यात असायचे. दर दसऱ्याला चिंचेनं घासून, हळदकुंकू लावून तलवारीशेजारी मांडले जायचे. सुट्टी लागली की तुम्ही ते धोतरात गुंडाळून देऊळगावला, बालाजीच्या देवळामागच्या तुमच्या घरी आणायचे, आणि सुट्टी संपली की परत नेऊन द्यायचे. मी आले की आतून ओरडायचे, “या, आमच्या दिवाण आल्या!” राजाच्या दरबारात जसा लेखक असतो तशी मी तुमची लेखक, असं सगळ्यांना सांगायचे. मला त्याचा केवढा तोरा होता.

पत्रा ज्या राजाचा त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. तुम्ही जन्मभर घेतलंत तेवढं पुरे झालं त्याला.

पण वाचायला शिकवलंत ते तुम्हीच, हे कसं नाकारू? डोक्यावर चौकोनी पेटी घेतलेली ती ब्राह्मी अक्षरं मला आज वर्तमानपत्रासारखी वाचता येतात ती तुमच्यामुळं. माझ्या बाला सही येत नव्हती, तर औरंगाबादला पालीच्या एम.ए.चा प्रवेश घ्यायला तुम्ही माझ्यासोबत एसटीनं आलात. जाताना जालन्याच्या स्टँडवर कंडक्टरशी भांडलात. आणि माझ्या प्रश्नांना कधी हसला नाहीत. मी पहिल्याच सुट्टीत विचारलं होतं, “सर, राजा खरं सांगतो कशावरून?” दुसऱ्या कुणी मला गप्प केलं असतं. तुम्ही खूश होऊन काकूंना दोनदा चहा करायला लावला.

तुमचं उत्तर मी आजही वर्गात पोरांना सांगते. पहिल्या पत्र्यावर राजाचे बापजादे. कुणी समुद्रापर्यंत गेलेला, कुणी शत्रूंच्या बायका रडवलेला. तुम्ही म्हणायचे, “हे सोडून दे. लग्नपत्रिकेत सगळेच नवरदेव चिरंजीव असतात.” दुसऱ्या पत्र्यावर राजाचा हुकूम. आपलंच हे गाव दान दिलंय, आता तिथं शिपायांनी शिरू नये, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी गवत, बसायला कातडं, शेगडीला कोळसा मागू नये. त्यावर तुमचे डोळे चमकायचे. “राजा म्हनते मागू नका. म्हंजे मागत होते न! बाकी सारं खोटं धर, पन हे कोळसे खरे हायेत.” आणि तिसऱ्या पत्र्यावर दानाच्या जमिनीच्या चार सीमा. सीमांबद्दल तुम्ही एकदम गंभीर व्हायचे. राजा स्वतःबद्दल खोटं लिहील, बापाबद्दल लिहील, पण सीमेत खोटं लिहू शकत नाही, कारण सीमेच्या पलीकडं शेजारी उभा असतो आणि तो दुसऱ्याच दिवशी भांडायला येतो. ताम्रपटातलं सगळ्यात भरवशाचं काय असेल तर सीमा. हे तुमचं वाक्य, माझं नाही.

आपलं भांडण व्हायचं ते नोंद कशासाठी यावर. मी म्हणायचे, घडलं ते टिकावं म्हणून. तुम्ही म्हणायचे, छे. नोंद उद्याच्या अधिकाऱ्यासाठी असते. उद्या कुणी तरी येणार आणि हात घालणार, त्याला आधीच बांधून ठेवायचं. म्हणून तर शेवटी तो शाप असतो, दिलेली जमीन हिसकावणारा साठ हजार वर्षं नरकात. मी म्हटलं, “म्हणजे नोंद हा धाक झाला.” तुम्ही म्हणालात, “धाक नाही, बंदोबस्त.” मी विचारलं, “कुणाचा बंदोबस्त?” तुम्ही म्हणालात, “चहा घे.” किती वेळा हे भांडण इथवर आलं आणि चहात बुडालं. मी समजायचे, सरांना कंटाळा आला.

तिसऱ्या पत्र्याची सकाळ मला नीट आठवते. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. तुम्ही दक्षिणेची सीमा म्हणालात, पश्चिमेची, उत्तरेची. नदी, वडाचं झाड, शेजारच्या गावाची वाट. मग थांबलात. तुम्ही खोकलात, पाणी प्यालात. म्हणालात, “पूर्वेची ओळ झिजली. लिही, अक्षरे झिजलेली.” मी लिहिलं. पहिले दोन पत्रे तुम्ही मला नंतर हातात घेऊन वाचायला दिले होते, अक्षरं ओळखायचा सराव म्हणून. तिसरा मागितला तर म्हणालात, “त्याच्यावर घरच्यांची पूजा असते. समजून घे बाई.”

समजून घेतलं. आम्ही वस्तीतली माणसं, समजून घेण्यात आमचा हात कोण धरील? मला वाटलं, थोरल्या भावाच्या घरच्यांना आवडत नसेल, सर बिचारे मधल्यामध्ये अडकले. मला तुमची दया आली होती हो सर. तुमच्या घरच्यांचा राग आला आणि तुमची दया आली.

मग चिखलीच्या प्रेसमध्ये आपली पुस्तिका छापली. मुखपृष्ठावर वाचन म्हणून तुमचं नाव, लेखन म्हणून माझं. तालुक्यात आमच्या समाजातल्या पोरीचं नाव ताम्रपटाच्या पुस्तकावर पहिल्यांदाच आलं म्हणून बुद्धविहारात सत्कार झाला. माझ्या बानं ते पुस्तक बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं. त्यात पूर्व सीमेसमोर कंसात लिहिलंय, अक्षरे झिजलेली. माझ्या हातानं.

आता टेकाडाचं बोलू.

गावाच्या पूर्वेला, आमच्या वस्तीच्या डोक्यावर ते टेकाड. स्मरणिका वाचणाऱ्या नव्या पोरांना ते दिसणार नाही, कारण ते आता नाही. त्याच्यावर कुणी नांगर धरत नसे. वस्तीतल्या बायका वैशाख पौर्णिमेला तिथं फुलं ठेवायच्या. का, तर तिथं आपलं काही तरी होतं. काय होतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पावसानं कड ढासळली की हातभर लांबीच्या विटा निघायच्या. मायनं त्यातली एक तुमच्याकडं आणून दाखवली होती. तुम्ही ती हातात घेऊन उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, “असल कोन्या घराची.”

पंचायतीनं तिथं मंगल कार्यालय बांधायचं ठरवलं तेव्हा वस्ती उठली. विहाराची जागा आहे, कुंपण घालून द्या, हात लावू नका. सरपंच म्हणाले, पुरावा? माय उठून म्हणाली, “आमच्या आजीच्या आजीपासून सांगत आले.” सगळे हसले. मग कुणी तरी म्हणालं, सरांना बोलवा, ताम्रपटात असेल तर सर सांगतील. आणि माझी माय सगळ्यांत आधी म्हणाली, “हाव, सरांले बोलवा.” तिचा तुमच्यावर विश्वास होता. तिच्या पोरीचे सर.

तुम्ही ग्रामसभेत आलात आणि शुद्ध मराठीत बोललात. मला तिथंच समजायला पाहिजे होतं. तुम्ही शुद्ध बोलायचे ते फक्त पंधरा ऑगस्टला आणि शिक्षणाधिकारी आल्यावर. “पूर्व सीमेचा मजकूर दुर्दैवानं नष्ट झालेला आहे. त्यामुळे तेथे विहार होता असे म्हणता येणार नाही, नव्हता असेही म्हणता येणार नाही. ऐकीव गोष्टींना इतिहासात स्थान नसते.” मग माझ्याकडं हात करून म्हणालात, “या बाईंनी स्वतः लेखन केले आहे. त्या याच वस्तीच्या आहेत. त्यांना विचारा.”

आणि मी उभी राहिले, सर. मी म्हटलं, हो, झिजलेली आहेत. सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. पुढचा महिना सरायच्या आत जेसीबी आला.

दोन दिवसांनी माय म्हणाली, “त्याले दिसलं नसन तं तो बी काय करन? झिजलं ते झिजलं.” तुमच्या बाजूनं बोलली ती. त्या दिवाळीलाही तिनं तुमच्यासाठी अनारसे पाठवले, आणि तुम्ही ते खाल्लेत. काकू सांगत होत्या, लई आवडले म्हणून.

तुम्ही गेलात त्याच्या पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. तुमच्या पुतण्यानं पत्रे संग्रहालयाला द्यायचं ठरवलंय, थोरले भाऊ तर केव्हाच गेले, आता घरात पूजा करायला कुणाला वेळ नाही. “तू येऊन पाहून जाय व माय, नीट हायेत का. आमाले काय समजते त्यातलं.” मी रडतच आले. गाडीत सगळी वाट तुमचा आवाज आठवत होते. दुपारची वेळ होती, समोरच्या खोलीत पलंगावर धोतर पसरून तिन्ही पत्रे मांडले होते. तिसरा मी पहिल्यांदा हातात घेतला.

दक्षिण. पश्चिम. उत्तर. आणि पूर्व.

इतकी वर्षं चिंचेनं घासलेलं तांबं ते, लखलख करत होतं. एक काना तुटलेला नाही. कोरणाऱ्यानं तर तिथं जरा खोलच हात मारलाय. पूर्वेला भिक्षुसंघाची जमीन. मी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग तुमचा नियम आठवला, की लिहिणाऱ्याचे डोळे लबाड असतात, म्हणून तुमच्या पुतण्याला, नितीनला बसवलं, एकेका अक्षराचं चित्र काढायला लावलं. त्याला त्या लिपीचा गंध नाही. त्यानं काढलेलं चित्रही तेच सांगत होतं. राजानं, ज्याला आपण इतकी वर्षं थापाड्या म्हणत आलो त्या राजानं, दुसऱ्याच्या जमिनीला हात न लावता आपली सीमा तिथं थांबवली होती आणि तसं लिहूनही ठेवलं होतं. झिजवली ती तुम्ही.

काकू दारात उभ्या होत्या. माझं तोंड बघून त्यांना काय ते कळलं. खाली बसल्या. म्हणाल्या, “त्यांले माहीत होतं वं. त्या सभेहून आले तं जेवले नाही. मले म्हने, खरं सांगतलं असतं तं गाव पेटलं असतं. दोन्हीकडची पोरं ऐकनारी नव्हती.” मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “तुह्याच वस्तीवर आलं असतं न शेवटी सारं. तुमाले वाचवासाठीच केलं त्यानं.”

वाचवण्यासाठी! वा रे वा. मी काकूंना काही बोलले नाही, त्यांचं कुंकू नुकतंच पुसलेलं. पण तुम्हाला बोलते. ग्रामसभेची भीती मी समजू शकते. पण ती ओळ तुम्ही ग्रामसभेच्या किती तरी आधी गाळलीत. त्या सकाळी खोलीत तुम्ही, मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर, एवढेच होतो. तेव्हा कुठलं गाव पेटत होतं? तेव्हा तुमच्या मनात काय आलं? वस्तीतल्या पोरीच्या हातात हे द्यायला नको, असंच ना? मी काय केलं असतं, मोर्चा काढला असता? काढला असता कदाचित. नसताही काढला. तुम्ही मला विचारलं असतं ना सर, “बाई, असं असं निघालं, काय करायचं?” तर मीच म्हटलं असतं, थोडं थांबू, आपण दोघं विचार करू. मी त्या वस्तीत जन्मले. गाव कसं पेटतं आणि कुणाची घरं आधी पेटतात, हे मला तुमच्याहून जास्त माहीत. पण तुम्हाला माझा हात हवा होता, डोकं नको होतं. पाठ करून बसायचा नियम अक्षरांसाठी असेल, खरंच असेल, पण त्या दिवशी तो तुमच्या कामी आला. आणि सभेत माझ्याकडं बोट केलंत, ते तर कामी आणायचं म्हणूनच केलंत. राजे आपल्या लेखकाचं नाव पत्र्याच्या शेवटी घालतात ते कशासाठी, हे आता मला कुणी शिकवायला नको.

तुमची शोकसभा कुठं झाली, माहीत आहे? गावच्या मंगल कार्यालयात. टेकाडाच्या जागेवरच्या. भाषणं झाली. सरपंच म्हणाले, सत्यासाठी जगलेला माणूस. माझं नाव पुकारलं. मी माइकपर्यंत गेले, पायाखाली गुळगुळीत फरशी होती, आणि एवढंच म्हणू शकले की मला आज बोलता येणार नाही. लोक हळहळले. एक बाई मला पाणी घेऊन आली, म्हणाली, पोटच्या पोरीवानी होती व त्यायची. मी पाणी प्याले, कारण तेही खोटं नव्हतं.

हेच तर मेलं सहन होत नाही. तुम्ही नुसतेच वाईट असता तर किती सोपं होतं! पण माझा बा वारला तेव्हा तिसऱ्या दिवशी वस्तीत येऊन जमिनीवर बसलेले तुम्हीच. माझ्या नोकरीच्या मुलाखतीआधी स्वतःचा कोट मोडून... जाऊ दे, ते मी लिहिणार नाही. ते लिहिलं की लोक म्हणतील, बघा, एवढं केलं आणि एका ओळीसाठी बाई उलटली. एक ओळ! शंभर घरांची एकच ओळ होती त्या पत्र्यात, आणि तीही शेजारी म्हणून.

पुस्तिकेची दुरुस्ती मी प्रेसला पाठवलीय. वाचन म्हणून आता माझं नाव असेल. स्मरणिकेला हा लेख जसाच्या तसा देणार. छापला तर छापला. सरपंचांकडं फोटो दिलेत, ते म्हणाले, बघू. कार्यालय काही कुणी पाडणार नाही, तेवढी मी खुळी नाही.

हे सगळं झाल्यावर, गेल्या रविवारी, मी मायला सांगायला गेले. फार दिवस टाळत होते. ती अंगणात मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसून म्हटलं, माय, पत्र्यावर लिहिलंय, टेकाडाची जमीन भिक्षूंची होती.

“हाव मंग,” ती म्हणाली, “हे नवीन काय सांगतं?” आणि निवडत राहिली. मला वाटलं, सुटले. मग तिचा हात थांबला.

“तुह्या सरांले वाचता आलं नव्हतं न ते?”

“आलं होतं, माय.”

“म्हंजे? त्याले माहीत होतं?”

मी हो म्हटलं. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. तुम्ही गेलात त्या दिवशीही ती रडली नव्हती इतकी आता रडली, डोळ्याला पदर न लावता. मग म्हणाली, “मी त्याले कवाच माफ करेल होतं वं. म्हटलं, शिकेल असला तरी मानूस हाय, नसन समजलं. न समजनाऱ्याले माफ करता येते. समजून करनाऱ्याचं काय करा लागते?”

सर, मला जे जे अडलं ते आजवर मी तुमच्याकडं घेऊन आले. त्या दिवशी मायजवळून उठले, मोबाइल काढला, आणि तुमचा नंबर लावून झाल्यावर मला आठवलं.